रेकॉर्डिंगवाला पीव्हीआर बॉक्स बंद पडला, नानांची सगळी रेकॉर्डिंग आत अडकलीये. नाशिकमध्ये आता काय घ्यावं?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितोय पण वाचा प्लीज, मला खरंच मदत हवीये.

आमच्या घरी मखमलाबादला २०१४ पासून डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स होता, आत ५०० जीबीची हार्डडिस्क असते तो. वडील, म्हणजे आमचे नाना, ७२ वर्षांचे आहेत, अडीच एकर द्राक्षबाग आहे. टीव्हीवर ते दोनच गोष्टी बघतात, बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम. आता शेतीचा कार्यक्रम लागतो तेव्हा नाना नेमके बागेत असतात, कधी फवारणी चालू असते, कधी मजूर आलेले असतात, कधी लाईट आली म्हणून मोटर चालू करायला पळावं लागतं, म्हणून मी तो बॉक्स घेतला आणि त्यांना रिमोटचं लाल बटण दाखवून दिलं. तिथून पुढे सगळं त्यांनी स्वतः केलं. सह्याद्री आणि डीडी किसान, दोन्हीकडचं.

आणि नानांनी त्याची वही ठेवलीये. शंभर पानी वही, रिमोटच्या टोपलीला सुतळीने बांधलेली. क्रमांक, तारीख, चॅनल, विषय. विषय म्हणजे असे, 'डावणी, ढगाळ हवामान', 'खरड छाटणीनंतर सबकेन', 'गांडूळ खत, चांगला आहे परत बघणे'. २१४ नोंदी आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस ते रोज रात्री वही घेऊन बसायचे आणि मला सांगायचे, ४१ लाव, ८८ लाव.

त्यात ६३ नंबरला अण्णा आहेत. अण्णा म्हणजे नानांचे बांधाशेजारचे मित्र, त्यांच्या बागेत टीव्हीवाले आले होते, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम कसं करायचं ते अण्णांनी अकरा मिनिटं दाखवलंय, हातात चाकू घेऊन. अण्णा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या घरी त्यांचे फोटो आहेत पण बोलताना फक्त हेच आहे.

मृगाच्या पहिल्या पावसात रात्री वीज कडाडली आणि सकाळी बॉक्स बंद. लाईटच लागत नाही. तक्रार केली, माणूस आला, म्हणाला बॉक्स बदलून देतो, जुना जमा करा, रेकॉर्डिंग नवीन बॉक्समध्ये येत नाही. मी म्हटलं मग हार्डडिस्क काढून द्या, तर म्हणे काढली तरी कुठेच चालणार नाही. नाना शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत, वही टोपलीत ठेवली आणि बागेत निघून गेले. मी जुना बॉक्स दिला नाही, अजून घरीच आहे.

नंतर स्क्रू काढून डिस्क कॉम्प्युटरला लावली तर स्क्रीनवर आलं की फॉरमॅट करायचं का. नाही म्हटलं आणि काढून ठेवली.

आता माझे प्रश्न: आतलं काही निघेल का? आणि इथून पुढे असं काय घेऊ ज्यात रेकॉर्ड केलेलं आपलंच राहील, बॉक्स गेला तरी जाणार नाही? नानांना एक-दोन बटणांत जमलं पाहिजे. आणि हे रेकॉर्ड करणं कायद्यात बसतं का, कारण एकाने मला घाबरवलंय.

सोल्डरगन_सातपूर

भाऊ पहिली गोष्ट, ती डिस्क परत कुठल्याही कॉम्प्युटरला लावू नका. फॉरमॅटला एकदा चुकून हो झालं तर विषयच संपला.

त्या माणसाने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. पैसे भरून जे चॅनल दिसतात त्यांचा सिग्नल कुलूप लावून येतो, कार्ड आणि बॉक्स मिळून ते कुलूप उघडतात. रेकॉर्डिंग करताना बॉक्स ते परत स्वतःचं कुलूप लावून डिस्कवर लिहितो आणि त्याची किल्ली असते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. प्रत्येक बॉक्सची वेगळी. त्यामुळे डिस्क दुसरीकडे नेऊन उपयोग नाही, तोच मॉडेल, तीच कंपनी असली तरी नाही. बाहेरून पेनड्राईव्ह लावून रेकॉर्ड होणारे डीटीएचचे बॉक्स असतात त्यांचंही हेच, ड्राईव्ह आपला पण आत जे आहे ते त्या बॉक्सशिवाय वाचता येत नाही.

म्हणून डिस्क सोडा, बॉक्स जिवंत करा. माझ्याकडे १९ वर्षांत जेवढे 'पूर्ण बंद' बॉक्स आलेत त्यातल्या बऱ्याच जणांचा नुसता ॲडॉप्टर गेलेला असतो. ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुतेक १२ असेल, आणि मल्टिमीटरने मोजा. कमी दाखवत असेल तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा घ्या. हार्डडिस्कवाल्या बॉक्सला करंट जास्त लागतो, साध्या बॉक्सचा ॲडॉप्टर लावाल तर डिस्क फिरायला लागली की बॉक्स रिस्टार्ट होत राहील. पिनचं प्लस मायनस नीट बघून घ्या, ते उलटं झालं तर मग खरंच बोर्ड जाईल.

ॲडॉप्टर ठीक असेल तर आत पॉवरच्या भागात कपॅसिटर फुगलेत का बघा, डोक्यावर फुगवटा दिसतो. ते बदलायला अर्धा तास लागतो.

विजेचं म्हणाल तर ती दोन वाटांनी येते, लाईटच्या प्लगमधून नाहीतर छत्रीच्या केबलमधून. केबलमधून आली असेल तर ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग) गेला असणार, मग चॅनल दिसणार नाहीत. पण ट्यूनर गेला तरी डिस्कवर जे आहे ते दाखवू शकतो असे बॉक्स मी पाहिलेत. कार्ड मात्र चालू लागतं, म्हणून त्या नंबरचा रिचार्ज बंद करू नका आणि कार्ड नवीन बॉक्सला जोडू देऊ नका, निदान हे सगळं निघेपर्यंत. बॉक्स ठेवून घेताय तर त्यांना तसं लिहून कळवा, कागदावर तो कोणाचा आहे ते प्रत्येकाच्या प्लॅनवर असतं.

मखमलाबादकर

सोल्डरगन भाऊ, आत्ताच मोजलं. ॲडॉप्टरवर १२ लिहिलंय आणि मीटर ४ च्या आसपास दाखवतोय, तेही खाली-वर होतंय!! उद्याच एमजी रोडला जातो.

पण समजा चालू झाला तरी परत कधीतरी बंद पडणारच ना. तेव्हा बाहेर कसं काढायचं?

सोल्डरगन_सातपूर

पडणारच. डिस्क २०१४ ची आहे म्हणजे तिचंही वय झालंय, म्हणून चालू झाला की त्याच रात्री कामाला लागा.

मागे पिवळी-लाल-पांढरी अशी तीन भोकं असतील ना, एव्ही आऊट, त्यातून काढायचं. यूएसबीचं कॅप्चर कार्ड मिळतं, ते कॉम्प्युटरला लावा, तिन्ही वायरी त्यात, बॉक्सवर रेकॉर्डिंग प्ले करा आणि कॉम्प्युटरवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. सेटिंग पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) ठेवा, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा फिरत राहतं, आणि लोकांना वाटतं कार्ड खराब आहे. डीइंटरलेस चालू करा नाहीतर हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, आणि तुम्हाला तर कलम करतानाचे हातच बघायचेत.

एचडीएमआयमधून प्रयत्न करू नका, त्यात एचडीसीपी नावाचं कॉपी रोखणारं कुलूप असतं, कॅप्चरमध्ये काळा पडदा येतो.

एक तासाच्या रेकॉर्डिंगला एक तासच लागतो, त्याला काही उपाय नाही. म्हणून आधी क्रम लावा. ६३ नंबर सगळ्यात आधी.

नाशिकरोडची_माई

वाचून फार वाईट वाटलं, कारण आमच्याकडे हेच झालंय, फक्त आमच्याकडे आईची कीर्तनं होती आणि बॉक्स बदलायला आलेल्या माणसाला आम्ही जुना बॉक्स देऊन टाकला. कोणी सांगितलंच नाही. तुम्ही ठेवलात हे फार चांगलं केलंत.

पुढे काय घ्यावं त्याबद्दल मी सांगते. नाना जे बघतात ते सह्याद्री आणि डीडी किसान, दोन्ही दूरदर्शनचे. मग त्यासाठी पैसे भरून कुलूपवाला बॉक्स कशाला हवा? डीडी फ्री डिश घ्या. डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही, आणि साध्या फ्री टू एअर बॉक्सवर हे चॅनल कार्डाशिवाय दिसतात. यूएसबी रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला की तो कार्यक्रम जसा येतो तसाच पेनड्राईव्हवर उतरवतो, कुलूप लावत नाही. मी तोच ड्राईव्ह काढून लॅपटॉपला लावते, व्हीएलसीमध्ये चालतो. बॉक्स जळाला तरी फाईल माझी. घेताना दुकानात एमपेग-४ (चित्राचा नवा फॉरमॅट) वाला आहे ना आणि रेकॉर्डिंग आहे ना हे विचारा, आणि आपला पेनड्राईव्ह सोबत नेऊन तिथेच पाच मिनिटं रेकॉर्ड करून घरी लॅपटॉपवर बघा. काही स्वस्त बॉक्सवर यूएसबीचं भोक असतं पण ते फक्त गाणी वाजवायला.

माझ्या ज्या चुका झाल्या त्या सांगते म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

सगळ्यात मोठी वेळेची. या बॉक्सना उपग्रहाकडून जी वेळ मिळते ती जीएमटी असते, मेनूमध्ये जाऊन टाईम झोन अधिक ५:३० करावा लागतो. मी केला नव्हता. संध्याकाळी साडेसहाचा टायमर लावला आणि रेकॉर्ड झालं रात्री बाराला. तीन दिवस मी आईला सांगत होते की बॉक्सच खराब आहे.

दुसरी, टायमर लावताना पाच मिनिटं आधी सुरू आणि दहा मिनिटं उशिरा बंद असं ठेवा. कार्यक्रम पुढे-मागे होतात, आणि अभंगाचा शेवटच कापला गेला की आई दिवसभर हळहळायची.

तिसरी, रात्री झोपताना टीव्हीसोबत भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याला सवय असते. टायमर लावला असेल तर बॉक्स रिमोटने स्टँडबायला ठेवायचा, भिंतीवरचं बटण चालू. मी त्या बटणावर लाल टिकली लावलीये, घरात सगळ्यांना माहितीये की टिकलीला हात लावायचा नाही.

छत्री तुमच्याकडे गच्चीवर असेलच पण तिची दिशा वेगळी लागेल. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. नाशिकहून ते आग्नेयेला येतं आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. म्हणजे आग्नेयेला आंब्याचं झाड किंवा पाण्याची टाकी नको. जोराच्या पावसात चित्र फुटतं, केयू बँडवर (छोट्या छत्रीच्या लहरींवर) ते होतंच, त्यावेळचं रेकॉर्डिंगही फुटकंच होतं. एलएनबीच्या (छत्रीपुढच्या डबीच्या) कनेक्टरला नीट टेप गुंडाळून घ्या, आमच्याकडे पाणी शिरून दोन पावसाळे त्रास झाला.

जुना_व्हीसीआर

माझं वय नानांच्याच आसपास. मुलांना कदाचित आठवत नसेल म्हणून सांगतो, पूर्वी हा प्रश्नच नव्हता. केबलची वायर सरळ व्हीसीआरमध्ये घालायची, व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर, टीव्हीवर एक बघा आणि व्हीसीआर दुसरंच रेकॉर्ड करतोय. ई-१८० ची कॅसेट, तीन तास. नाशिकचं केबल मार्च २०१३ च्या मुदतीत डिजिटल झालं, देशातल्या ३८ शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात आपण होतो, आणि तेव्हापासून सगळं सेट टॉप बॉक्समधून यायला लागलं. व्हीसीआरचा ट्यूनर त्या दिवशी निकामी झाला. बॉक्स जे चॅनल दाखवेल तेवढंच पिवळ्या वायरीतून घेता येतं.

चित्र आता कितीतरी चांगलं आहे हे मान्यच आहे. पण माझ्या कपाटात १९९१ ची कॅसेट आहे, मुलीच्या शाळेचं समूहगान टीव्हीवर लागलं होतं ती, बुरशी धरली होती, साफ करून घेतली आणि चालली. तीस वर्षांत तिला कोणी कार्ड विचारलं नाही. नानांनी वही ठेवली ते वाचून फार बरं वाटलं. मीही कॅसेटच्या कण्यावर असंच लिहायचो. ती वही जपा, कॉम्प्युटरवरच्या फाईलना तेच नंबर द्या, नवीन नंबर देऊ नका. नाना वहीतूनच शोधणार.

पाय_आणि_ट्यूनर

मूळचा सिन्नरचा, सध्या पुण्यात. मी जरा पुढचं सांगतो, ज्यांना जमेल त्यांच्यासाठी.

रास्पबेरी पाय ४ (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर), एक यूएसबी डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा) ट्यूनर, आणि त्यावर टीव्हीहेडएंड नावाचं मोफत सॉफ्टवेअर. छत्रीची वायर ट्यूनरला. ब्राउझरमधून चॅनल आणि वेळ टाकून ठेवायची, सोमवार ते शुक्रवार असं आवर्ती लावता येतं, आणि तो रोज रेकॉर्ड करत राहतो. पाहायला टीव्हीवर कोडी नावाचं प्लेअर सॉफ्टवेअर. ट्यूनर घेताना लिनक्सवर चालतो का ते बघून घ्या, दिसायला सारख्या दोन ट्यूनरमध्ये एक चालतो, एक नाही.

याचा मोठा फायदा असा की उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरवर (एका वारंवारितेच्या पट्ट्यावर) बरेच चॅनल एकत्र येतात, त्यामुळे ते एकाच ट्रान्सपॉन्डरवर असतील तर एकाच ट्यूनरने एका वेळी दोन-तीन चॅनल रेकॉर्ड होतात.

आणि सगळ्यांनाच उपयोगी अशी गोष्ट, फाईल कायम टीएस ठेवा. डिजिटल टीव्ही १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांत येतो, टीएस फाईल म्हणजे तीच पाकिटं ओळीने लिहिलेली. मध्येच लाईट गेली तरी तोवरचं सगळं चालतं. एमपी४ चं तसं नाही, तिची सूची साधारणपणे शेवटी लिहिली जाते, त्यामुळे रेकॉर्डिंग अर्धवट तुटलं तर बहुतेक वेळा फाईल उघडतच नाही. ज्या गावात दिवसातून चारदा लाईट जाते तिथे हा फरक फार मोठा आहे. सोल्डरगन भाऊंनी ओबीएस सांगितलंय तिथेही फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, त्याच कारणासाठी.

जागेचा हिशोब सोपा आहे, १ एमबीपीएसला तासाला ०.४५ जीबी. साधं चॅनल ३ एमबीपीएस धरलं तर तासाला १.३५ जीबी, एचडी ८ धरलं तर ३.६. म्हणजे ५०० जीबीमध्ये साध्या चॅनलचे ३७० तास. पेनड्राईव्ह फॅट ३२ असेल तर एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, बॉक्स तिचे तुकडे करतो किंवा थांबतो, बॉक्स चालवत असेल तर एनटीएफएस करा. पोर्टेबल हार्डडिस्क लावली आणि टक टक आवाज यायला लागला तर दरवेळी डिस्क खराब असतेच असं नाही, बॉक्सचं यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतं, तिला तेवढं पुरत नाही. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब मध्ये घाला.

पण खरं सांगू का, नानांसाठी हे नको. काही अडलं की घरात ते बघणारं कोणीतरी लागतं. माईंनी सांगितलेला बॉक्स घ्या. मी हे माझ्या आईसाठी सिन्नरला बसवलं आणि दर महिन्याला फोनवर तासभर समजावत बसतो.

सगळं_ऑनलाईन

एक विचारू? सह्याद्री आणि डीडी किसान दोन्हीचे यूट्यूब चॅनल आहेत. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिथेच का नाही बघत? माझे बाबा मोबाईलवर बघतात आणि खूश आहेत.

मखमलाबादकर

बघितलंय मी, आणि जे मिळेल ते उतरवूनही घेतोय. पण २१४ पैकी मला आतापर्यंत सव्वीसच सापडले, आणि ६३ नाही सापडला. शीर्षकात गावाचं नाव नसतं, माणसाचं नाव नसतं, नुसती तारीख असते किंवा तीही नसते. आणि आमच्या मळ्यात नेट एका कोपऱ्यात येतं, नानांना बागेत उभं राहून मोबाईलवर पानांवरच्या डावणी रोगाचे डाग दिसत नाहीत, त्यांना मोठ्या टीव्हीवर पान जवळून बघायचं असतं, थांबवायचं असतं, चष्मा काढून परत बघायचं असतं. तुमच्या बाबांना जमतंय ते चांगलंच आहे.

काळाकोट_नाशिक

कायद्याचं राहिलंय ते मी सांगते, प्रॅक्टिस करते म्हणून.

घाबरू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९. स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी अथवा संशोधनासाठी प्रसारणाचं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग केलं तर प्रसारणाच्या हक्काचा भंग होत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. शिवाय कलम ५२(१)(ए) मध्ये खाजगी वापरासाठीचा न्याय्य वापर आहे. नाना छाटणीच्या आधी घरात बसून कार्यक्रम परत बघतात, हा अगदी खाजगी वापर झाला.

दोन गोष्टी मात्र करू नका. ते रेकॉर्डिंग स्वतःच्या चॅनलवर टाकू नका आणि विकू नका. अण्णांचे अकरा मिनिटं कितीही चांगले असले तरी कार्यक्रम त्यांचा नाही, प्रसारण करणाऱ्याचा आहे, आणि प्रसारणाचा हा हक्क २५ वर्षं असतो. दुसरं, डिस्कचं कुलूप तोडून देतो म्हणणारे भेटतील. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नाही हे मला दिसतंय, तरी अनोळखी माणसाच्या हातात डिस्क देऊ नका. तुमच्याच बॉक्सवर, तुमच्याच कार्डावर, तुमच्याच टीव्हीसाठी आलेलं चित्र घरच्यासाठी उतरवून घेताय, तेच करा.

मखमलाबादकर

मंडळी, अपडेट.

एमजी रोडला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर मिळाला, जुना सोबत नेला होता, दुकानदाराने पिन जुळवून दिली. घरी येऊन डिस्क परत आत बसवली, स्क्रू लावले, नानांना बोलावलं नाही, म्हटलं चालू नाही झाला तर परत तेच. बटण दाबलं, लाल दिवा, मग हिरवा. आतून डिस्क फिरल्याचा आवाज आला. चॅनल एकही नाही, सिग्नल नाही असंच येतंय, म्हणजे सोल्डरगन भाऊ म्हणाले तसा ट्यूनर गेलेला आहे. पण रेकॉर्डिंगची यादी दाबली आणि सगळी यादी आली. २१४.

मग नानांना हाक मारली.

६३ लावला. अण्णा आले. पांढरी टोपी, मागे मांडव, हातात तो छोटा वाकडा चाकू. नाना टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले. सातव्या मिनिटाला चित्र थांबलं, चौकोन चौकोन झाले आणि वीस-बावीस सेकंदांनंतर परत पुढे गेलं. डिस्कवर तेवढी जागा खराब झालीये बहुतेक, तीनदा लावून पाहिलं, तिथेच थांबतं. नेमकं खाच पाडून काडी आत बसवतात तिथे. नाना म्हणाले राहू दे, तेवढं मला माहितीये, आणि हाताने करून दाखवलं.

त्याच रात्री कॅप्चर केलं. पहिल्या वेळी पाल करायचं राहिलं, काळं-पांढरं आलं, दुसऱ्यांदा नीट आलं. फाईलला नाव दिलंय '०६३ अण्णा कलम'. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राईव्हवर, आणि एक पेनड्राईव्ह अण्णांच्या मुलाच्या हातात नेऊन दिला. काळाकोट ताई, हे घरच्या वापरातच धरलं जाईल असं समजून दिलाय, कुठे टाकू नको म्हणून त्याला सांगितलंय.

आतापर्यंत ३१ झालेत. पाच उघडलेच नाहीत. नाना वहीत लाल पेनाने टिक करतात, जे उघडलं नाही त्यापुढे फुली, आणि काही जणांपुढे स्वतःच 'नको' लिहिलंय, ती औषधं आता बंद झालीत म्हणाले. त्यामुळे काम बरंच कमी झालं.

माई, फ्री डिशचा बॉक्स घेतला, दुकानातच पेनड्राईव्ह लावून बघितलं. छत्री आग्नेयेला लावायला शेजारचा पोरगा आला होता, टाकी आडवी येत होती म्हणून दोन फूट सरकवली. टाईम झोन पहिल्यांदा तोच केला. भिंतीवरच्या बटणाला आमच्याकडेही टिकली लागलीये, आईनेच लावली.

एक विचारायचं राहिलं. कॅप्चर केलेल्यात तासाभराच्या कार्यक्रमात शेवटी शेवटी आवाज ओठांच्या जरा मागे पडतो, सुरुवातीला बरोबर असतो. हे कशाने?

सोल्डरगन_सातपूर

फार बरं वाटलं भाऊ.

आवाजाचं: कार्डाचं घड्याळ आणि कॉम्प्युटरच्या साऊंडचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, तासाभरात फरक जाणवण्याएवढा साचतो. ओबीएसमध्ये आवाज कॅप्चर कार्डातूनच घेताय ना ते बघा, लॅपटॉपच्या माईकच्या भोकातून नको. सॅम्पल रेट दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. तरी राहिला तर मोठा कार्यक्रम वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकड्याला सुरुवात नव्याने होते.

आणि बॉक्स रात्रभर चालू ठेवू नका. दोन कार्यक्रम झाले की अर्धा तास बंद. वर कापड ठेवू नका, जाळी मोकळी राहू द्या.

मखमलाबादकर

आवाज माईकमधूनच जात होता! बदललं. आज ८८ लावायचाय, पावणेदोन तासांचा आहे, जेवणं झाली की बसतो.